खाजगी मोटार-शर्यत संघाचा उदय आणि अस्त : रॉब वॉकर रेसिंग टीम (१९५३-१९७०)

प्रस्तावना

मोटार-शर्यतींचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग चालकांचे आणि दुसरे कार-निर्मात्यांचे. फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतींसाठी चालकांचे जागतिक अजिंक्यपद १९५० साली सुरू झाले व निर्मात्यांचा चषक १९५८ सालापासून दिला जाऊ लागला. अधिकृत नोंदींचे तक्ते याच दोन रकान्यांत विभागलेले आहेत. तथापि, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकात या शर्यतींमध्ये आणखी एक घटक कार्यरत होता. हा घटक स्वतः कार तयार करीत नसे आणि बहुधा स्वतः चालवीतही नसे. तो कार विकत घेई, मेकॅनिक नेमी, चालकाशी बोलणी करी, शर्यतीची प्रवेशिका भरी आणि होणारा तोटा आपल्या खिशातून भरून काढी. अशा प्रवेशिकाधारकास अजिंक्यपदाच्या तक्त्यात जागा नव्हती. त्याच्या कारने शर्यत जिंकली तर यश चालकाच्या नावे आणि गुण निर्मात्याच्या नावे जमा होत.

रॉब वॉकर रेसिंग टीम हा अशा खाजगी संघांपैकी सर्वाधिक यशस्वी संघ होय. इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या डॉर्किंग या गावी एका गॅरेजमधून चालणाऱ्या या संघाने जागतिक अजिंक्यपदाच्या नऊ शर्यती जिंकल्या. त्यांपैकी चार विजय आज कूपर कंपनीच्या खात्यावर आहेत आणि पाच लोटस कंपनीच्या. कूपरचे एकूण विजय १६ आणि लोटसचे ७९ हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते. कूपरच्या यशाचा चौथा हिस्सा डॉर्किंगहून आला होता. ज्या संघाचे यश दुसऱ्यांच्या नावावर चढले, त्याचे 'स्वातंत्र्य' नेमके कशात होते आणि ते का टिकले नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

संघाची पार्श्वभूमी

रॉबर्ट रॅमसे कॅम्पबेल वॉकर यांचा जन्म १४ ऑगस्ट १९१७ रोजी झाला. 'जॉनी वॉकर' या स्कॉच व्हिस्कीमुळे जगभर माहीत झालेल्या घराण्याचे ते वारस. केंब्रिजमध्ये शिकत असतानाच त्यांनी डेलाहे या फ्रेंच कंपनीची शर्यतीची कार खरेदी केली. ही कार पूर्वी सयामचे राजपुत्र बिरा यांच्या मालकीची होती. १९३९ साली ल मान येथील चोवीस तासांच्या शर्यतीत वॉकर आणि इयान कॉनेल यांनी ती आठव्या क्रमांकावर आणली. या शर्यतीत वॉकर यांनी रात्रीच्या पाळीसाठी गडद रंगाचा सूट चढविला होता, ही आठवण मोटार-शर्यतींवरील अनेक पुस्तकांत येते. सायंकाळनंतर सभ्य गृहस्थाने ज्या वेषात असावे त्याच वेषात ते चाकामागे बसले. ही केवळ लहर मानता येत नाही. शर्यत हा व्यवसाय नसून खानदानी छंद आहे, ही युद्धपूर्व युरोपातील उच्चवर्गीयांची समजूत त्यात दिसते. वॉकर यांच्या पारपत्रावर व्यवसायाच्या जागी 'जंटलमन' असा शब्द होता, तो याच समजुतीचा.

दुसऱ्या महायुद्धात वॉकर नौदलाच्या हवाई दलात वैमानिक होते. युद्धकाळात विवाह झाल्यावर त्यांनी पत्नीला शब्द दिला की यापुढे आपण मैदानावरील शर्यतीत उतरणार नाही. हा शब्द त्यांनी पाळला. पुढे संघ उभा राहण्यामागे हे घरगुती कारण आहे. शर्यत सोडवत नाही आणि स्वतः चालवायचे नाही, म्हटल्यावर दुसऱ्याच्या हाती कार देणे एवढाच मार्ग उरतो. प्रारंभी त्यांच्या गाड्या टोनी रोल्ट चालवीत. जर्मनांच्या कोल्डिट्झ येथील बंदिवासात असताना किल्ल्याच्या माळ्यावर गुप्तपणे ग्लायडर बांधणाऱ्या युद्धकैद्यांशी ज्यांचे नाव जोडले जाते, तेच हे रोल्ट. १९५३ सालच्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये वॉकर यांची कॉनॉट कार रोल्ट यांनी चालविली आणि संघाचा जागतिक अजिंक्यपदात प्रवेश झाला.

त्या काळी राष्ट्रागणिक शर्यतीचे रंग ठरलेले असत. इंग्रजांचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा. वॉकर यांनी मात्र स्कॉटलंडचा गडद निळा रंग व नाकाडाभोवती पांढरा पट्टा निवडला. पुढील सतरा वर्षांत कारची बनावट अनेकदा बदलली, परंतु हा रंग बहुतांशी कायम राहिला.

ब्युनोस आयर्स, १९५८

संघाचे खरे ऐतिहासिक महत्त्व १९ जानेवारी १९५८ पासून सुरू होते. त्या वर्षी शर्यतींच्या नियमांत दोन मोठे बदल झाले. अल्कोहोलमिश्रित इंधनावर बंदी येऊन विमानाचे पेट्रोल सक्तीचे झाले आणि शर्यतीचे किमान अंतर ५०० वरून ३०० किलोमीटरवर आले. व्हॅनवॉल व बीआरएम या ब्रिटिश संघांची मोठी इंजिने नव्या इंधनासाठी अद्याप तयार नव्हती. त्यामुळे हंगामातील पहिल्या, अर्जेंटिना येथील शर्यतीला ते गेलेच नाहीत. व्हॅनवॉलचे प्रमुख चालक स्टर्लिंग मॉस मोकळे राहिले. वॉकर यांनी आपली छोटी कूपर कार त्यांच्या हवाली केली. शर्यतीत एकूण दहाच गाड्या होत्या.

ही कूपर पाहून प्रतिस्पर्ध्यांना तिचे गांभीर्य वाटले नसल्यास नवल नाही. फेरारीचे इंजिन सुमारे २.४ लिटरचे, मासेरातीचे अडीच लिटरचे. कूपरमध्ये कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचे दोन लिटरपेक्षाही थोडे लहान इंजिन होते. ही कंपनी अग्निशमनाचे पंप आणि माल उचलणारी यंत्रे यांसाठी अधिक परिचित होती. त्यात कूपरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे. सरबिटन येथील कूपर पितापुत्रांनी युद्धानंतर मोटारसायकलचे इंजिन बसवून ज्या लहान गाड्या बांधल्या, त्यांत इंजिनातून साखळीने थेट मागच्या चाकांना गती देणे सोयीचे म्हणून ते मागे ठेवले गेले होते. सोयीखातर स्वीकारलेल्या या रचनेचे फायदे पुढे उलगडत गेले. लांब दांडा पुढून मागे न्यावा लागत नसल्याने चालक खाली बसू शके, कार हलकी व बुटकी होई आणि टायरही कमी झिजत.

या शेवटच्या गुणावरच शर्यतीचा निकाल लागला. कूपरची चाके चार बोल्टांनी बसविलेली होती. ती बदलण्यास इतका वेळ लागला असता की शर्यत हातची गेली असती. ८० फेऱ्या एकाच संचावर काढावयाच्या, हे मॉस आणि मेकॅनिक आल्फ फ्रान्सिस यांनी ठरविले होते. परंतु प्रतिस्पर्ध्यांना त्याचा सुगावा लागू नये म्हणून फ्रान्सिस पिटमध्ये नवी चाके मांडून बदलाची तयारी चालल्याचा देखावा करीत राहिले. फेरारीचे लुइजी मुस्सो त्या भरवशावर निवांत होते. आता मॉस थांबेल, मग थांबेल, असे करता करता फार उशीर झाला. अखेरच्या फेऱ्यांत मॉस यांच्या टायरमधून आतले कापड दिसू लागले होते व ते रस्त्याच्या तेलकट भागावरून कार नेऊन टायर वाचवीत होते. त्यांनी मुस्सोंना २.७ सेकंदांनी मागे टाकले.

या एका विजयात कितीतरी गोष्टी प्रथमच घडल्या. जागतिक अजिंक्यपदात खाजगी संघाचा, मागे इंजिन असलेल्या कारचा, कूपरचा आणि क्लायमॅक्स इंजिनाचा तो पहिला विजय. चार महिन्यांनी, मे १९५८ मध्ये, फ्रेंच चालक मॉरिस त्रांतिन्यां यांनी मोनॅकोची शर्यत वॉकर यांच्याच कूपरमधून जिंकली. पहिला विजय हा योगायोग होता, असे म्हणणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली. दोन वर्षांत जॅक ब्रॅबहॅम व कूपरचा कारखाना-संघ अजिंक्य ठरला आणि १९६१ च्या हंगामापर्यंत फेरारीनेही इंजिन मागे नेले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे परिवर्तन 'कूपर क्रांती' म्हणून ओळखले जाते व रचनेच्या दृष्टीने ते नाव योग्यच आहे. परंतु या रचनेचे सामर्थ्य सर्वोच्च पातळीवर सर्वप्रथम सिद्ध करण्याचा धोका कारखान्याने पत्करला नव्हता. तो एका गिऱ्हाइकाने पत्करला होता.

गिऱ्हाईक आणि कारखाना

खाजगी संघाचे स्वातंत्र्य समजून घेण्यासाठी त्याचे अर्थकारण पाहणे आवश्यक आहे. त्या काळी प्रत्येक शर्यतीचे संयोजक निरनिराळ्या संघांशी स्वतंत्रपणे बोलणी करून सहभागाचे मानधन ठरवीत. नामांकित चालक असला की मानधन वाढे. याशिवाय इंधन आणि टायर कंपन्या संघांशी वार्षिक करार करीत. बक्षिसाची रक्कम ही तिसरी मिळकत. उरलेली तूट मालकाने भरावयाची. वॉकर यांच्याजवळ ती भरण्याइतके धन होते, आणि मॉस यांच्यासारखा चालक त्यांच्याकडे आल्यावर संयोजकांचे दरवाजेही सहज उघडत. मॉस व वॉकर यांचे सहकार्य लेखी करारावर नव्हे, परस्परांच्या शब्दावर चालले, असे या काळाच्या बहुतेक वृत्तांतांत नमूद आहे.

पैसा होता, चालक होता, आल्फ फ्रान्सिस यांच्यासारखा कसबी मेकॅनिक होता. फ्रान्सिस हे मूळचे पोलिश. युद्धकाळात इंग्लंडमध्ये आले आणि नाव बदलून तेथेच स्थिरावले. संघाजवळ नव्हती ती एकच गोष्ट, नव्या कारवरील हक्क. कारखाना आपली कार विकत असे, परंतु आपली ताजी कार प्रथम स्वतःच्या संघाला देई. त्यामुळे खाजगी संघ बहुधा एक पाऊल मागे राही.

१९५९ चा हंगाम या दृष्टीने बोलका आहे. वॉकर यांच्या कूपरमध्ये इटलीतील मोडेना येथील व्हालेरिओ कोलोत्ती यांचा गिअरबॉक्स बसविला होता. मॉस यांनी मोनॅकोत व हॉलंडमध्ये आघाडी घेतली आणि दोन्ही ठिकाणी गती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेने दगा दिला. त्यानंतर पोर्तुगाल व इटलीच्या शर्यती त्यांनी जिंकल्या. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील सेब्रिंग येथे अजिंक्यपदाचा निकाल लागावयाचा होता. मॉस आघाडीवर असताना अवघ्या काही फेऱ्यांत गिअरबॉक्स पुन्हा मोडला. ब्रॅबहॅम ३१ गुणांसह अजिंक्य ठरले, टोनी ब्रुक्स २७ गुणांसह दुसरे आणि मॉस साडेपंचवीस गुणांसह तिसरे. त्याच वर्षी कूपरने निर्मात्यांचा चषक जिंकला. कूपरच्या पाच विजयांपैकी दोन वॉकर यांच्या कारचे होते. म्हणजे जो संघ कारखान्याचा प्रतिस्पर्धी होता, त्याच्याच यशाने कारखान्याचा चषक भरत होता. ही विसंगती त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती.

स्वतःची कार बांधण्याचा प्रयत्नही संघाने एकदा करून पाहिला. ती कार जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत कधी उतरली नाही.

१९६० च्या वसंतात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस १८ या नव्या कारने गुडवुड येथे मॉस यांना मागे टाकले. वॉकर यांनी लगेच तशी कार विकत घेतली आणि २९ मे १९६० रोजी मॉस यांनी तिच्यातून मोनॅकोची शर्यत जिंकली. लोटस कारचा जागतिक अजिंक्यपदातील हा पहिला विजय. चॅपमन यांच्या स्वतःच्या संघाला मात्र पहिल्या विजयासाठी ऑक्टोबर १९६१ पर्यंत, वॅटकिन्स ग्लेनपर्यंत, थांबावे लागले. आज लोटसच्या विजयांची यादी मोनॅको १९६० पासून सुरू होते. यादी चुकीची म्हणता येणार नाही, कारण ती कारची यादी आहे. मात्र ती वाचून चॅपमन यांचा संघ त्या दिवशी जिंकला अशी समजूत झाली तर तो इतिहासाचा विपर्यास ठरतो.

या हलक्या गाड्यांची दुसरी बाजूही होती. तीन आठवड्यांनी बेल्जियममधील स्पा येथे सरावात मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले. दोन्ही पाय मोडले, पाठीच्या मणक्यास इजा झाली. सुमारे दोन महिन्यांत ते पुन्हा चाकामागे बसले आणि नोव्हेंबरमध्ये रिव्हरसाइड येथील अमेरिकन ग्रां प्री त्यांनी जिंकली. त्या वर्षी लोटसचे दोन विजय झाले, आणि ते दोन्ही वॉकर यांच्या संघाचे.

जुनी कार, नवे प्रतिस्पर्धी

१९६१ साली इंजिनाची मर्यादा दीड लिटरवर आली. फेरारीने त्याची तयारी आधीच केलेली असल्यामुळे तिच्या गाड्या इतरांहून पुष्कळ सामर्थ्यवान होत्या. वॉकर यांना लोटसची नवी २१ क्रमांकाची कार मिळू शकली नाही. चॅपमन यांचा करार एसो या इंधन कंपनीशी होता आणि वॉकर यांचा बीपीशी, हे त्याचे कारण सांगितले जाते. जाहिरातीचे फलक गाड्यांवर येण्याच्या कितीतरी आधी व्यापारी करार कोणाला कोणती कार मिळेल हे ठरवू लागले होते, ही बाब येथे नोंदविण्यासारखी आहे.

१४ मे १९६१ रोजी मोनॅकोत मॉस यांनी गेल्या वर्षीच्या लोटस १८ मधून प्रारंभ केला. शर्यत सुरू होण्यापूर्वी कारच्या सांगाड्यातील एका नळीला तडा गेल्याचे आढळले. फ्रान्सिस यांनी इंधनाच्या टाकीभोवती ओली फडकी गुंडाळून तेथेच वेल्डिंग केले. टाकी भरलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची कल्पना येते. उकाडा कमी व्हावा म्हणून कारच्या बाजूचे पत्रे काढून टाकण्यात आले होते आणि चालकाचे हातपाय बाहेरून दिसत होते. मोनॅकोचा मार्ग शहराच्या अरुंद रस्त्यांचा. तेथे अश्वशक्तीपेक्षा वळणावरील कौशल्याला महत्त्व. चौदाव्या फेरीपासून मॉस यांनी आघाडी धरली आणि रिची गिंथर, फिल हिल व वोल्फगांग फॉन ट्रिप्स या फेरारीच्या तिघांना शंभराव्या फेरीपर्यंत ती सोडू दिली नाही. गिंथर ३.६ सेकंदांनी मागे राहिले. ऑगस्टमध्ये जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे मॉस पुन्हा जिंकले. तेथे त्यांनी पावसासाठीचे टायर निवडण्याचा धोका पत्करला आणि पाऊस आला. संघाच्या इतिहासातील ही दोन शिखरे होत, आणि दोन्ही विजय कारखान्यांनी मागे टाकलेल्या रचनेच्या गाडीने मिळविले होते.

त्याच हंगामात सप्टेंबरमध्ये ओल्टन पार्क येथे, अजिंक्यपदाबाहेरील शर्यतीत, वॉकर यांच्या संघातर्फे मॉस यांनी फर्ग्युसन पी-९९ ही चारही चाकांना गती देणारी कार चालवून विजय मिळविला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत अशा कारचा तो एकमेव विजय. ही कार ट्रॅक्टरमुळे प्रसिद्ध असलेल्या हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधन संस्थेची होती आणि त्या संस्थेत टोनी रोल्ट काम करीत होते. जुन्या स्नेहसंबंधांतून नवे प्रयोग उभे राहत. मोठ्या कारखान्याला आपल्या रचनेची प्रतिष्ठा सांभाळावी लागते. खाजगी संघाला ती चिंता नव्हती, म्हणून जे अनोळखी, जे अपूर्ण, ते तो मैदानात आणू शके.

१९६२ साठी याहून मोठा बेत होता. एन्झो फेरारी यांनी मॉस यांच्यासाठी कार देण्याचे व ती वॉकर यांच्या संघामार्फत उतरविण्याचे मान्य केले होते. फेरारीची कार स्कॉटलंडच्या निळ्या रंगात धावली असती. परंतु २३ एप्रिल १९६२ रोजी गुडवुड येथे, दुसऱ्या एका संघाची लोटस चालवीत असताना, मॉस यांना भीषण अपघात झाला आणि त्यांची ग्रां प्री कारकीर्द तेथेच संपली.

पडता काळ

त्या वर्षाने संघाकडून फार मोठी किंमत वसूल केली. वॉकर यांनी लोटस २४ ही कार घेतली होती. मे महिन्यात हॉलंडच्या शर्यतीत चॅपमन यांनी आपल्या संघासाठी लोटस २५ बाहेर काढली. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याच्या एकसंध कवचावर बांधलेली ही कार म्हणजे पुढच्या युगाची सुरुवात होती. २४ विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हाती पैसे मोजून कालची कार आली. त्यांची नाराजी त्या काळच्या इंग्रजी मोटार-नियतकालिकांत उमटली, ती रास्तच होती.

याहून दुःखद घटना वर्षअखेरीस घडल्या. १ नोव्हेंबर १९६२ रोजी मेक्सिकोमध्ये सरावात रिकार्डो रॉड्रिगेझ हा वीस वर्षांचा स्थानिक चालक वॉकर यांच्या लोटस २४ मध्ये मृत्यू पावला. फेरारीने त्या शर्यतीला संघ पाठविला नव्हता, म्हणून त्याने ही कार घेतली होती. २१ डिसेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेत दरबानजवळ गॅरी हॉकिंग यांचा सरावात मृत्यू झाला. तीही वॉकर यांचीच कार. हॉकिंग हे १९६१ चे मोटारसायकल शर्यतीतील दुहेरी विश्वविजेते. सहकाऱ्याच्या अपघाती निधनानंतर दुचाकी अधिक धोक्याची म्हणून ते चारचाकीकडे वळले होते. आठ आठवड्यांत दोन तरुण चालक गेले. छंद म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचे उत्तरदायित्व मालकावर कोणत्या स्वरूपात येते, याचा विचार खाजगी संघांच्या कौतुकपर इतिहासात सहसा केला जात नाही.

पुढील पाच वर्षांत योआकिम बोनिए व नंतर स्विस चालक योझेफ सिफर्ट यांनी संघाच्या गाड्या चालविल्या. दलालीच्या व्यवसायातील जॅक डरलाकर हे भागीदार म्हणून आले, म्हणजे एकट्याच्या खिशाला खर्च झेपेनासा झाला होता. १९६६ पासून इंजिने तीन लिटरची झाली आणि संघाने घेतलेली कूपर-मासेराती ही अवजड कार त्या काळात मागे पडली.

शेवटचा विजय

१९६७ साली फोर्डच्या पैशातून कॉसवर्थ कंपनीने डीएफव्ही हे इंजिन तयार केले. पहिले वर्ष ते केवळ लोटसला मिळाले. १९६८ पासून ते ७,५०० पौंडांना कोणासही विकत मिळू लागले. वॉकर यांनी लोटस ४९ कार घेतली. मार्चमध्ये ब्रँड्स हॅच येथे सरावात सिफर्ट यांच्या हातून ती आदळली. मोडकी कार डॉर्किंगला आणून उघडली जात असताना गॅरेजला आग लागली. कार गेली, सुटे भाग गेले आणि वॉकर यांनी जपलेली १९२७ सालची डेलाज कारही जळाली. संघ येथेच बंद पडला असता तरी कोणास आश्चर्य वाटले नसते.

तसे झाले नाही. नवी लोटस ४९-बी ब्रिटिश ग्रां प्रीच्या अगदी तोंडावर तयार झाली. २० जुलै १९६८ रोजी त्याच ब्रँड्स हॅचवर लोटसच्या कारखाना-संघाच्या दोन्ही गाड्या बिघडून बाहेर पडल्या. सिफर्ट यांनी फेरारीच्या ख्रिस एमन यांना ४.४ सेकंदांनी हरवून शर्यत जिंकली. स्विस चालकाने जागतिक अजिंक्यपदाची शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. विशेष म्हणजे, १९५५ सालच्या ल मान दुर्घटनेनंतर स्वित्झर्लंडमध्ये मैदानी मोटार-शर्यतींवर बंदीच होती. त्या वर्षी निर्मात्यांचा चषक लोटसने जिंकला व त्यात सिफर्ट यांचा विजयही मोजला गेला.

या विजयास 'खाजगी संघाचा शेवटचा विजय' म्हणण्याचा प्रघात आहे. या विधानास थोडी मर्यादा घालणे इष्ट. १९७० साली केन टायरेल यांच्या संघाने मार्च कंपनीकडून घेतलेल्या कारमधून जॅकी स्ट्यूअर्ट यांनी स्पेनची शर्यत जिंकली. पण टायरेल यांच्यामागे फोर्ड, डनलॉप व फ्रेंच तेल कंपनी यांचे पाठबळ होते आणि त्याच वर्षी ते स्वतःची कार बांधून निर्माते झाले. मालकाच्या मिळकतीवर उभा असलेला, केवळ गिऱ्हाईक असलेला संघ जिंकल्याचे उदाहरण म्हणून ब्रँड्स हॅचचेच नाव घ्यावे लागते.

रंगाचा बदल

१९६८ मध्येच लोटसचा कारखाना-संघ 'गोल्ड लीफ' सिगारेटच्या लाल, पांढऱ्या व सोनेरी रंगांत दिसू लागला. राष्ट्राच्या रंगाची जागा उत्पादनाच्या रंगाने घेतली. प्रारंभी ही सवलत खाजगी संघांच्या फायद्याची वाटली असावी, कारण तूट भरून काढण्यास नवा मार्ग मिळाला होता. प्रत्यक्षात उलट घडले. जाहिरातदाराला विजय हवा असतो, विजयासाठी ताजी कार हवी आणि ताजी कार निर्मात्याकडे. पैसा निर्मात्यांकडे वाहू लागला, खर्च वाढला आणि विकत घेतलेल्या कारचे मागासलेपण अधिक बोचू लागले.

१९७० साली वॉकर यांनीही प्रायोजक घेतला. कंपनीचे नाव ब्रुक बॉण्ड ऑक्सो. पहिले अर्धे नाव मराठी घरांत चहाच्या पुड्यावर पिढ्यान्पिढ्या वाचले गेले आहे. आदल्या वर्षी वॅटकिन्स ग्लेन येथे दोन्ही पाय मोडलेले ग्रॅहॅम हिल हे चालक होते आणि मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत पुनरागमनातच त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. परंतु लोटसची नवी ७२ कार या संघाला सप्टेंबरपर्यंत मिळाली नाही. ती मॉन्झा येथे आली, तर ५ सप्टेंबर रोजी तशाच कारमध्ये लोटसचे योखेन रिंट सरावात मृत्युमुखी पडले आणि हिल यांची कारही मागे घेण्यात आली. हंगाम संपल्यावर वॉकर यांनी आपला संघ बंद केला व प्रायोजकासह जॉन सरटीज यांच्या संघाशी सहकार्य केले. सरटीज स्वतःची कार बांधीत होते.

विकत घेतलेल्या गाड्या त्यानंतरही काही वर्षे दिसत राहिल्या. फ्रँक विल्यम्स यांनी १९७७ साली मार्चची कार उतरविली, पण पुढल्याच वर्षी स्वतःची बांधली. १९८१ च्या काँकॉर्ड करारानंतर प्रत्येक संघाने स्वतःच्या कारचा निर्माता असणे हे तत्त्वच झाले आणि 'संघ' व 'निर्माता' हे शब्द समानार्थी बनले. त्यामुळे त्याआधीच्या तीन दशकांचा इतिहासही नंतरच्या वाचकास त्याच अर्थाने वाचण्याची सवय लागली. लोटस म्हणजे चॅपमन यांचा संघ, कूपर म्हणजे कूपरचा संघ. मोनॅकोतील १९६० व १९६१ चे विजय ज्या गडद निळ्या गाड्यांनी मिळविले, त्यांच्या मालकास या वाचनात स्थान उरत नाही.

संघ बंद झाल्यावर वॉकर अमेरिकेतील 'रोड अँड ट्रॅक' या मासिकासाठी ग्रां प्री शर्यतींचे वृत्तांत लिहू लागले आणि दीर्घ काळ लिहीत राहिले. २९ एप्रिल २००२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.